बाजारातला सायलेन्सर बसवला, गाडी फटफटायला लागली? कार्बोरेटर असा लावून घ्या

पावसाळा सरला की तालुक्याच्या गॅरेजसमोर सडक्या सायलेन्सरच्या गाड्या उभ्या राहतात. कारण साधं आहे. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफही निघते. गावातनं मळ्यात, मळ्यातनं डेअरीवर अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून चिखल, शेण, वर युरियाची गोणी. सात-आठ वर्षांत खालच्या बाजूला भोक पडतंच. मग कंपनीच्या सायलेन्सरची किंमत ऐकून आपण बाजारातला, लोकल बनावटीचा बसवतो. काही पोरं तर चांगला सायलेन्सर काढून हौसेनं दुसरा बसवतात, तो वेगळा विषय, त्यावर खाली बोलूच.

दोन्हीत पुढची गोष्ट एकच होते. रेस सोडली की फट-फट-फट. मध्येच गाडी हुकते. स्लो राहत नाही. मिस्त्री म्हणतो, "नवीन आहे, बसंल हळूहळू." तो आवाज आपोआप बसत नसतो. मी हे स्वतःच्या खिशातनं शिकलोय.

माझ्याकडं १०० सीसीची जुनी गाडी होती. सायलेन्सर सडला म्हणून बाजारातला बसवला. फटफट सुरू झाली. बाजारच्या दिवशी एका गॅरेजवाल्याला दाखवली, तर त्यानं अॅव्हरेज वाढवून देतो म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. अॅव्हरेज वाढलंही, खोटं कशाला बोलू. तीन महिने दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून चढ चढत होतो. एक दिवस पहाटे किक मारली तर किक मऊ लागली, कॉम्प्रेशनच नाही. हेड खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदरानं कुरतडल्यासारखी खाल्लेली. व्हॉल्व्ह, सीट कटिंग, गॅस्केट, मजुरी धरून साडेचार हजार गेले. गाडी चार दिवस गॅरेजात, एक दिवसाचं दूध डेअरीवर वेळेत पोचलं नाही ते नासलं. हेड खोलणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोन कारणं सांगितली. टॅपेट घट्ट होते आणि पेट्रोल कमी पडत होतं. एकट्या कार्बोरेटरवर खापर फोडता येत नाही, पण तो त्यात होता.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि तेव्हापासूनच्या जवळपास सगळ्या नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. तिथं स्क्रू फिरवायचा प्रश्नच येत नाही, कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. पुढचं सगळं त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्या भागात अजून त्याच जास्त दिसतात.

नेमकं बिघडतं काय

इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातनं जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातनं वर ओढलं जातं. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कंपनीनं जेटची भोकं, सुईचा उतार, सगळं त्यांच्या स्वतःच्या सायलेन्सरवर आणि एअर फिल्टरवर बसवलेलं असतं.

आता मोकळा सायलेन्सर लागला की जळका धूर लवकर बाहेर पडतो, त्यामागं हवा जास्त येते. कार्बोरेटर थोडंफार जुळवून घेतो, पण पुरतं नाही. पेट्रोल कमी पडतं. याला मिस्त्री लोक लीन म्हणतात, उलट पेट्रोल जास्त झालं तर रिच.

रेस सोडल्यावर फटफट का होते? रेस बंद केली की इतकं पातळ मिश्रण आत जातं की ते सिलिंडरमध्ये पेटतच नाही. न जळता सायलेन्सरमध्ये येतं आणि तिथल्या गरम पत्र्याजवळ हवा मिळाली की धाडकन पेटतं. ही हवा बहुतेक वेळा हेड आणि बेंड पाईपच्या जोडातनं शिरते. म्हणून पहिला संशय जोडावर घ्यायचा, कार्बोरेटरवर नंतर.

गॅरेजात "बॅक प्रेशर कमी झालं म्हणून इंजिन खराब होतं" असं ऐकायला मिळतं. चार स्ट्रोक इंजिनाला अडकलेला धूर हवा असतो असं काही नाही. हवा आणि पेट्रोलचा हिशोब चुकतो, त्यानं नुकसान होतं. हिशोब परत जुळवला की झालं.

स्क्रूला हात लावायच्या आधी

माझं स्पष्ट मत आहे, दहातल्या निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

बेंड पाईपच्या तोंडाला हेडमध्ये एक रिंग, म्हणजे गॅस्केट असते. सायलेन्सर बदलताना ती नवीन टाकायची असते. तीस-चाळीस रुपयांची वस्तू, पण जुनीच ठोकून बसवतात. थंड गाडी चालू करून जोडावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर गळती आहे. जोडाभोवती काळी काजळी दिसली तरी तेच. रिंग बदला, दोन्ही नट थोडे थोडे सारखे आवळा, एक आधी पूर्ण आणि दुसरा नंतर असं नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, गाडी गार झाल्यावर परत एकदा आवळा. सायलेन्सर ओढून-ताणून बसवला असेल तर फ्रेमचा बोल्ट सैल करून आधी बेंड जागेवर बसवा, मग मागचा बोल्ट आवळा. नाहीतर रिंग एका बाजूनं उघडी राहते.

दुसरी गळती आत येणाऱ्या बाजूला, कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबरात. जुन्या गाडीत त्याला चिरा पडलेल्या असतात. गाडी स्लोवर ठेवून त्यावर साबणाचं पाणी टाका, आवाज बदलला तर रबर गेलं. बरेचजण इथं पेट्रोल शिंपडून बघतात. कृपा करून करू नका, खाली गरम सायलेन्सर असतो.

एअर फिल्टर साफ किंवा नवीन हवा. तो काढून टाकायचा नाही. आपल्याकडच्या धुळीच्या, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर फिल्टरशिवाय गाडी चालवली तर बोअर खरवडायला एक हंगाम पुरतो. टॅपेट मापात आहेत का, प्लगचा गॅप बरोबर आहे का, टाकीत आणि वाटीत पाणी-गाळ नाही ना, चोक पूर्ण बंद होतोय ना, हे पण तेव्हाच बघून घ्या.

बीएस-३ पासूनच्या बऱ्याच गाड्यांत धूर कमी करायला सायलेन्सरच्या तोंडाशी थोडी ताजी हवा सोडणारी नळी असते. मोकळ्या सायलेन्सरला त्यामुळंही थोडी फटफट होते. ती नळी कोंबून बंद करायचा सल्ला मिळतो. मी देणार नाही, पीयूसीला ती लागते. फक्त तिचा रबरी पाईप फुटलेला नाही ना ते बघा.

पेट्रोल कमी की जास्त, ओळखायचं कसं

पेट्रोल कमी पडत असेल तर रेस सोडल्यावर फटफट होते, रेस देताना गाडी क्षणभर हुकते, सकाळी चोक लवकर बंद करता येत नाही, आणि रेस सोडली तरी इंजिन लगेच स्लोवर येत नाही, लोंबकळत राहतं. प्लग पांढरा निघतो. बेंड पाईप निळा पडतो, पण नुसत्या निळ्या पाईपवर विसंबू नका. कंपनीचा बेंड पुष्कळदा दुहेरी पत्र्याचा असतो, बाजारातला एकेरी, तो हेडजवळ थोडा सोनेरी-निळा होणारच.

पेट्रोल जास्त असेल तर काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी, अॅव्हरेज पडलेलं, आणि गाडी थंड असताना बरी पण तापल्यावर जड चालते.

शंका असली तर रस्त्यातच कळतं. ज्या रेसवर गाडी हुकते त्याच रेसवर चोक किंचित ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, अजून बिघडली तर आधीच जास्त आहे. उलटी चाचणी म्हणजे पेट्रोल कॉक बंद करून चालवायची. वाटी रिकामी होत येताना काही क्षण गाडी जास्त चांगली चालली तर पेट्रोल जास्त होतं असं समजा.

कुठल्या रेसवर कोण काम करतं

कार्बोरेटरमध्ये एकच जेट सगळीकडं पेट्रोल देत नाही, हे समजलं की निम्मं काम झालं. स्लोपासून साधारण पाव रेसपर्यंत स्लो जेट आणि मिक्चर स्क्रू. पाव ते पाऊण रेस सुई, म्हणजे निडल. पाऊण ते फुल रेस मेन जेट. कडा एकमेकांत मिसळतात, पण ढोबळ हिशोब हाच.

म्हणून मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टीनं खुणा करा. शून्य, पाव, अर्धी, पाऊण, फुल. कुठल्या खुणेवर गाडी बिघडते ते दोन दिवस बघा आणि मगच हात घाला. खेड्यातली गाडी दिवसातला बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या रेसवर चालते. त्यामुळं आपल्याला बहुधा मिक्चर स्क्रू आणि सुई यांच्याशीच काम पडतं, आणि लोक मात्र उठून मेन जेट मोठा करतात. त्यानं पेट्रोल जातं, फटफट तशीच राहते.

स्लो आणि मिक्चर स्क्रू

कार्बोरेटरला बाहेरून दोन स्क्रू दिसतात. एक स्लो कमी-जास्त करणारा, तो स्लाइड उचलतो. दुसरा बारीक, खोल बसलेला, तो मिक्चरचा. मिक्चरचा स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि गोंधळ इथं होतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू आहे, आत घेतला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा स्क्रू आहे, आत घेतला की पेट्रोल कमी. एकाच दिशेला फिरवून दोन गाड्यांत उलटा परिणाम होतो. माझ्या गाडीचं त्या गॅरेजवाल्यानं नेमकं काय केलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. बंद करा. मिक्चर स्क्रू हलक्या हातानं आत घ्या आणि फेरे मोजा. टेकला की थांबा. जोर दिला तर त्याचं टोक बसतं किंवा भोक मोठं होतं, मग तो कार्बोरेटर कधीच नीट लागत नाही. मोजलेला आकडा, समजा दीड फेरा, कागदावर लिहा आणि परत तितकाच बाहेर काढा. आपण कुठून निघालो हे माहीत असणं महत्त्वाचं.

गाडी चालू करा, स्लो किंचित वाढवा. आता मिक्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं एका बाजूला न्या, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. कुठंतरी आवाज अडखळेल. तिथून उलट दिशेला या, आवाज वाढेल, स्वच्छ होईल, परत अडखळेल. या दोन अडखळणाऱ्या जागांच्या मध्ये जिथं इंजिन सगळ्यात वेगात आणि एकसारखं चालतं तिथं स्क्रू सोडा. मग स्लोचा स्क्रू परत खाली आणा. १०० सीसीच्या गाड्यांचा स्लो साधारण १४०० फेऱ्यांचा असतो. मीटर नसेल तर कानानं, आणि हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, रेस वाढली तर केबल ओढली जातेय.

समजा मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढल्यावरच गाडी बरी वाटते. याचा अर्थ स्लो जेट लहान पडतोय. एका नंबरनं मोठा टाका, ३५ असेल तर ३८. एका फेऱ्याच्या आतच बरी वाटत असेल तर जेट मोठा आहे. हवेच्या स्क्रूला हेच उलटं धरायचं. काही गाड्यांच्या मिक्चर स्क्रूवर कंपनीनं टोपी ठोकून सील केलेलं असतं किंवा त्याला वेगळ्याच आकाराचं डोकं असतं. तिथं ड्रिल घेऊन बसू नका, ज्याच्याकडं त्याचा पाना आहे त्याच्याकडं जा.

सुई

अर्ध्या रेसवर हुकत असेल तर सुई बघायची. वरची टोपी उघडली की स्प्रिंग आणि स्लाइड बाहेर येते, त्यात सुई असते. सुईवर खाचा आणि एका खाचेत छोटी क्लिप. क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर लावली की कमी होतं. नुसता सायलेन्सर बदलला असेल तर बहुधा एक खाच पुरते.

बऱ्याच घरगुती गाड्यांच्या सुईला एकच खाच असते. तिथं क्लिपच्या खाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वॉशर टाकतात, काम तेच होतं.

स्लाइड परत बसवताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडं यायला हवा आणि बाजूची खाच आतल्या पिनवर बसायला हवी. चुकीची बसवली तर रेस अडकते आणि गाडी चालू केल्या केल्या फुल रेसवर पळते. म्हणून किक मारायच्या आधी मूठ दोन-तीनदा फिरवून सोडा, टक्कन परत आली पाहिजे.

पल्सरसारख्या गाड्यांत किंवा २००९ नंतरच्या क्लासिक ३५० मध्ये सीव्ही कार्बोरेटर येतो. त्यात स्लाइडला रबराचा पातळ पडदा असतो. हवेच्या ओढीनं तो स्लाइड उचलतो. टोपी उघडताना तो ओढू नका, फाटला तर गाडी अर्ध्या रेसच्या पुढं जातच नाही आणि आपण जेट बदलत बसतो.

मेन जेट

फुल रेसवर चढाला गाडी दम खाते, आणि चोक किंचित ओढला की सुधारते, तरच मेन जेट मोठा करायचा. जेटवर आकडा कोरलेला असतो. १०० असेल तर आधी १०२, मग १०५. आकडा लहान दिसला तरी फरक लहान नसतो. केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, १०० चा १०५ केला की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्के वाढतं. मिकुनीचे आणि केहिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळं ज्या कंपनीचा कार्बोरेटर त्याच कंपनीचा जेट घ्या.

जेट साफ करायला तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं आणि वाकडं होतं. फुंकर, कार्बोरेटर क्लीनर किंवा पंपाची हवा बास. अॅव्हरेजसाठी जेटमध्ये केसाएवढी तार सोडून देणारे किंवा भोक रांगून मोठं करणारे महाभाग आहेत. गाडी जुनी घेतली असेल तर पहिल्यांदा जेट काढून आकडा आणि भोक दोन्ही बघा.

वाटी उघडायच्या आधी कॉक बंद, इंजिन गार, उघड्यावर काम, आणि विडी-काडी लांब. वाटीतलं पेट्रोल डब्यात काढा, जमिनीवर सोडू नका.

प्लग वाचणं

मेन जेट बरोबर आहे का हे प्लग सांगतो. पण त्यासाठी सपाट रस्त्यावर फुल रेस मारून ८०-९० नं पळवायची गरज नाही. रहदारी नसलेला चढ बघा, तिसऱ्या गिअरमध्ये फुल रेस द्या, गाडी जास्त पळणार नाही पण इंजिनवर पूर्ण भार येईल. थोडं अंतर गेल्यावर रेस तशीच असताना स्विच बंद, क्लच दाबा, कडेला थांबा. स्लोवर थोडा वेळ जरी चालू ठेवली तर प्लगचा रंग बदलतो आणि सगळी मेहनत वाया जाते. प्लग गरम असतो, फडकं वापरा.

मधल्या चिनी मातीचा रंग दुधाच्या चहासारखा किंवा विटकरी असेल तर बरोबर. पांढरा खडूसारखा असेल तर पेट्रोल कमी. काळी कोरडी काजळी असेल तर जास्त. ओला, तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधनं ऑइल येतंय, कार्बोरेटर तिथं काय करणार. फुल रेसला एक शब्द महत्त्वाचा, थोडं पेट्रोल जास्त चालेल, कमी नको. आतल्या उष्णतेला थंड ठेवायचं कामही पेट्रोल करतं.

बुलेट आणि आरएक्स

जुन्या बुलेटला साधा स्लाइडचा कार्बोरेटर, हवेचा स्क्रू, खाचांची सुई. शिकायला याच्यासारखी गाडी नाही. बुलेटची जाळी काढून फटाके फोडायचा जो प्रकार चालतो, त्यात स्विच बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल मुद्दाम सायलेन्सरमध्ये पेटवतात. त्यानं जाळी, जोड, कधी सायलेन्सरच फाटतो. कार्बोरेटर लावून तो आवाज जात नाही कारण तो बिघाड नाही, चाळा आहे.

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ मध्ये बनली आणि आज तिची किंमत बघितली तर कालवड परवडेल. पण ही टू-स्ट्रोक आहे, हिचा हिशोब वेगळा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आतला आकार हा इंजिनाचाच भाग असतो. त्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर पळणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. सायलेन्सर बदलला की ती वेळच बदलते. चार स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं तर व्हॉल्व्ह जळायला महिने लागतात, टू-स्ट्रोकचा पिस्टन एका लांब चढात जाम होतो आणि मागचं चाक धावत्या गाडीत थांबतं. आरएक्सला ऑइल वेगळ्या पंपातून येतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या जुन्या राजदूतमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. टू-स्ट्रोकमध्ये नेहमी मोठ्या जेटपासून सुरुवात करून एक-एक नंबर खाली यायचं, लहानापासून वर जायचं नाही.

इथेनॉलचा हिशोब धरा

आपलाच ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि परत आपल्याच टाकीत येतं. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. १४.७ चा हिशोब २० टक्क्यांच्या पेट्रोलला साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला, काहीही न बदलता, पेट्रोल सात-आठ टक्के कमी पडल्यासारखं होतं. त्यावर मोकळा सायलेन्सर बसवला की दोन्ही मिळून बिघाड दिसतो. पाच वर्षांपूर्वी असाच सायलेन्सर लावून काही न करता चाललेली गाडी आज का फटफटते, याचं एक कारण हे.

इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा, नाहीतर स्लो जेट चिकटतो. जुनी रबरं, वाटीचं पॅकिंग फुगतं, बदलताना नवीन टाका.

डोंगराच्या वाचकांसाठी एक. उंचावर हवा विरळ असते, तिथं आपोआप पेट्रोल जास्त होतं. वाईत लावलेली गाडी पसरणी घाट चढून पाचगणीला थोडी जड वाटणार. रोजचं जाणं-येणं जिथं, तिथंच कार्बोरेटर लावा. उलट वर लावून खाली कोकणात उतरलात तर पेट्रोल कमी पडेल.

पोलीस, पीयूसी आणि जुना सायलेन्सर

कंपनीसारखा, आत जाळी असलेला, तितक्याच आवाजाचा सायलेन्सर ही एक गोष्ट आणि रिकामा पाईप ही दुसरी. गाडीच्या मंजुरीच्या वेळी आवाजाची मर्यादा ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल, त्यापुढं ८० डेसिबल अशी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. परवानगी नसलेला बदल केला म्हणून मालकाला कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले आपण बघितलेत. गावात दवाखाना आहे, शाळा आहे, गाभण म्हैस आहे. पोरांना सांगा.

पीयूसीच्या मशीनचा मात्र उपयोग करून घ्या. एप्रिल २००० नंतरच्या, बीएस-३ पर्यंतच्या चार स्ट्रोक मोटारसायकलीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत लागतो. मिक्चर स्क्रू लावल्यावर तपासणी करा आणि पावतीवरचा आकडा बघा. मर्यादेच्या जवळ किंवा वर गेला असेल तर स्लोवर पेट्रोल जास्त आहे. हा आकडा फक्त स्लोचा, सुई आणि मेन जेटबद्दल तो काही सांगत नाही.

काढलेला कंपनीचा सायलेन्सर गॅरेजात सोडून येऊ नका. बीएस-३, बीएस-४ च्या बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा लेप असतो आणि भंगारवाले त्यासाठीच तो उचलतात. नुसतं खालचं भोक पडलं असेल तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा. पत्र्याचा तुकडा लावून दोन-तीनशे रुपयांत अजून दोन वर्षं निघतात, आणि मग हा सगळा उद्योगच करावा लागत नाही. माझ्या आत्ताच्या गाडीला तसे दोन ठिगळ आहेत.

सेटिंग झालं की कागदावर लिहून सीटखाली ठेवा. तारीख, मिक्चर स्क्रू किती फेरे बाहेर, सुईची खाच कितवी, दोन्ही जेटचे नंबर, प्लगचा रंग. पुढच्या वेळी कुणी "थोडा स्क्रू फिरवून देतो" म्हणालं तर परत कुठं आणायचं ते तुम्हाला माहीत असेल.